७४० कोटी पऱ्हाट्या आणि समुद्र ओलांडलेली एक सरकी

यवतमाळ जिल्ह्यात खरिपात कापूस लागतो तो चार लाख हेक्टरांच्या वर. हिशेब सोपा राहावा म्हणून चारच लाख धरू. ९० बाय ६० सेंटिमीटरवर सरकी टोबली तर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं बसतात. गुणाकार केला की आकडा येतो ७४० कोटी. जगात माणसं आहेत ८२० कोटींच्या घरात. म्हणजे दारव्ह्यापासून वणीपर्यंत आणि राळेगावपासून उमरखेडपर्यंतच्या काळ्या रानात, एका जिल्ह्यात, एका हंगामात, जवळपास साऱ्या मानवजातीच्या संख्येइतक्या पऱ्हाट्या उभ्या असतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. माणशी अडीच हजारांहून जास्त झाडं झाली.

यातली जवळजवळ सगळी झाडं एकाच प्रजातीची आहेत: गॉसिपियम हिर्सुटम, आपल्या बोलण्यातला अमेरिकन कापूस. आणि ही प्रजाती कशी जन्मली हे आज आपल्याला बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. नवी प्रजाती कशी तयार होते या प्रश्नाचं उत्तर शोधायला गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. ते घाटंजीच्या कुठल्याही बांधावर उभं आहे.

हिर्सुटमच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात. आपल्या देशी कापसात, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियममध्ये, २६ असतात. हा फरक दुपटीचा आहे आणि तो योगायोगानं आलेला नाही. हिर्सुटमच्या ५२ पैकी २६ गुणसूत्रं आफ्रिका-आशियातल्या कापसाच्या कुळाशी जुळतात, तर उरलेली २६ अमेरिकेतल्या एका जंगली कुळाशी, ज्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग पेरू देशात वाढतो. त्याचं नाव गॉसिपियम रायमोंडी. ही दोन कुळं एकमेकांपासून वेगळी झाली साधारण ५० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वी. एक महासागराच्या अलीकडे राहिलं, दुसरं पलीकडे. मग १० ते २० लाख वर्षांपूर्वी केव्हातरी अलीकडच्या कुळाची सरकी पलीकडे पोचली. जंगली कापसाची सरकी खाऱ्या पाण्यात बरेच दिवस तग धरते. ती समुद्रावरून तरंगत गेली असणार असं शास्त्रज्ञ मानतात. नेण्यासाठी तेव्हा माणूस नव्हता. आपली प्रजाती, होमो सेपियन्स, अवघी ३ लाख वर्षांची आहे.

पलीकडच्या किनाऱ्यावर रुजलेल्या त्या झाडाचा स्थानिक जंगली कापसाशी संकर झाला. असा संकर बहुधा वांझ निघतो, कारण आईकडून आलेली १३ आणि बापाकडून आलेली १३ गुणसूत्रं जोड्या लावू शकत नाहीत. जोडी नाही तर बीज नाही. पण एखाद्या वेळी पेशीविभाजनात चूक होते आणि गुणसूत्रांचा सगळा संच दुप्पट होतो. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचाच जोडीदार मिळतो, झाड सुपीक होतं आणि त्याच क्षणी आई-बाप दोन्ही कुळांपासून तुटतं. त्यांच्याशी संकर झालाच तरी संतती पुन्हा वांझ. एक-दोन पिढ्यांत, एकाच जागी, नवी प्रजाती तयार. डोंगर उठावा लागला नाही, नदीनं पात्र बदलावं लागलं नाही.

या एका घटनेतून निघालेल्या वंशाच्या आज सात प्रजाती ओळखल्या जातात. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या लागवडीतल्या. बाकीच्या पाच जंगली आहेत: हवाईची एक, गॅलापागोसची एक, ब्राझीलची एक, डोमिनिकन रिपब्लिकमधली एक आणि प्रशांत महासागरातल्या वेक नावाच्या इवल्या प्रवाळबेटावरची एक, या शेवटच्या प्रजातीला स्वतःचं नाव मिळालं २०१७ साली. जगात पिकणाऱ्या कापसापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हिर्सुटम आहे. यवतमाळचे ७४० कोटी त्यातलाच एक लहान वाटा. हे सगळं एका समुद्रप्रवासाचं आणि एका चुकलेल्या पेशीविभाजनाचं देणं आहे.

अशी घटना किती दुर्मीळ असते? इथे गणिताकडे वळावं लागतं. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ स्टीफन हबेल यांनी २००१ साली जैवविविधतेचा एक सिद्धांत पुस्तकरूपात मांडला. त्याला तटस्थ सिद्धांत म्हणतात, कारण त्यात कुठलीही प्रजाती दुसरीपेक्षा सरस धरलेली नाही. जंगल म्हणजे ठरावीक जागा. एक झाड मेलं की जागा रिकामी होते आणि ती कोणाच्या बियाणानं भरेल हे फाशावर सोडायचं. फासे पडत राहतात, काही प्रजाती वाढतात, काही संपतात. एवढंच चाललं तर शेवटी जंगलात एकच प्रजाती उरेल. म्हणून हबेल यांनी त्यात एक थेंब टाकला: दर जन्मामागे एक अगदी बारीकशी शक्यता, की जन्मलेलं झाड नव्या प्रजातीचं असेल. या शक्यतेला समुदायातल्या एकूण झाडांच्या दुपटीनं गुणलं की जो आकडा मिळतो त्याला त्यांनी मूलभूत जैवविविधता अंक म्हटलं. जंगलात प्रजाती किती आणि कोणती किती विपुल, हे बरंचसं त्या एका अंकावरून सांगता येतं. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांत हबेल आणि त्यांचे सहकारी दोन लाखांहून जास्त झाडंझुडपं एकेक करून मोजतात. तिथे हा अंक पन्नासच्या आसपास येतो.

आता हाच हिशेब अ‍ॅमेझॉनला लावून पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथे ३९,००० कोटी झाडं आणि सुमारे १६,००० प्रजाती आहेत, आणि विविधतेचा अंक साडेसातशेच्या घरात जातो. भागाकार करा: साडेसातशे भागिले ३९,००० कोटींची दुप्पट. उत्तर येतं साधारण शंभर कोटींत एक. प्रारूपाच्या भाषेत, शंभर कोटी झाडं जन्मली की त्यातलं एक नव्या प्रजातीचा मूळपुरुष ठरतं.

हा आकडा तसाच्या तसा निसर्गाचा मानू नये. प्रारूपात प्रजाती एका झटक्यात जन्मते. खऱ्या जगात कापसासारखी उदाहरणं थोडी. २००९ मध्ये झालेल्या एका मोजणीत फुलझाडांच्या प्रजाती-निर्मितीच्या सुमारे १५ टक्के घटनांत गुणसूत्रांचे संच वाढलेले दिसले. बाकीच्या हळूहळू, हजारो पिढ्यांत दुरावत जातात. म्हणून २०१० मध्ये जेम्स रोझिन्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात हबेलही होते, प्रारूपात वेळ घातला: प्रजाती सुरू होते, रखडते आणि पुष्कळदा पूर्ण होण्याआधीच संपते. माझ्या मते ही दुरुस्ती मूळ सिद्धांताइतकीच मोलाची आहे. सुरुवाती असंख्य होतात, तडीला जाणाऱ्या मोजक्या, हे तिच्यामुळे गणितात आलं.

फाशांच्या या खेळाला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती डोकं गरगरवणारी आहे. अ‍ॅमेझॉनमधलं सगळ्यात विपुल झाड एक ताडवर्गीय पाम आहे, त्याची संख्या ५०० कोटींच्या वर असावी. एका झाडापासून सुरू झालेली प्रजाती नुसत्या फाशांच्या जोरावर ५०० कोटींवर पोचायला ढोबळमानानं तितक्याच पिढ्या लागतात. पामाची पिढी काही वर्षांची. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. म्हणजे केवळ नशिबावर एवढं विपुल व्हायला पृथ्वीच्या वयाला कित्येक पटींनी ओलांडणारा काळ हवा. जिथे संख्या एवढी प्रचंड दिसते तिथे नशिबाशिवाय आणखी काही तरी काम करत असलं पाहिजे: हवामान, जमीन, कीड, किंवा माणसाचा हात.

यवतमाळात तो माणसाचा हात आहे. १९४७ मध्ये देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९७ टक्के क्षेत्र आर्बोरियम आणि हर्बेसियम या दोन देशी प्रजातींखाली होतं. हिर्सुटम होता ३ टक्के. १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला, २००२ मध्ये बोंडअळीविरुद्धचं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. आज चित्र उलटं आहे: नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र हिर्सुटमच्या बीटी संकरांचं. एका माणसाच्या आयुष्यात एका प्रजातीनं दोघींना रानातून काढलं. लागवडीतल्या चारही प्रजाती व्यापारी पातळीवर पिकवणारा जगातला एकमेव देश म्हणून भारताचं नाव घेतलं जातं. ते खरं आहे, पण यवतमाळच्या शिवारात उभं राहून तो गौरव शोधावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. शंभर कोटी जन्मांमागे एक नवी प्रजाती असेल, तर ७४० कोटी जन्मांच्या यवतमाळात दर हंगामाला सात नव्या प्रजातींची बीजं पडायला हवीत. पडतात किती? शून्य.

हे शून्य नीट समजून घेण्याजोगं आहे. हिर्सुटमच्या गुणसूत्रांचा पूर्ण मजकूर सुमारे २३० ते २५० कोटी अक्षरांचा आहे. सेकंदाला एक अक्षर वाचलं, रात्रंदिवस वाचलं, तर तो संपायला पाऊणशे वर्षं लागतील. प्रत्येक नव्या रोपात तो मजकूर उतरवताना काही अक्षरं चुकतात. दुसऱ्या एका लहान रोपावर काळजीपूर्वक मोजलेला दर आहे एका पिढीत दर अक्षरामागे शंभर कोटींत सात. तो कापसाला लावला तर प्रत्येक झाडात तीसेक नवी उत्परिवर्तनं निघतात, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पऱ्हाट्या मिळून हंगामाला सुमारे २५,००० कोटी. निसर्गात प्रजाती याच कच्च्या मालातून घडतात. पण आपली पऱ्हाटी संकरित आहे. तिची सरकी पुढच्या वर्षी कोणी पेरत नाही. पेरली तर पीक एकसारखं येत नाही. नवं बियाणं पाकिटातून येतं, दूर कुठल्यातरी बीजोत्पादनाच्या प्लॉटवर त्याच दोन जनक वाणांचा तोच संकर पुन्हा करून. शेतातल्या सरकीचं तेल निघतं आणि ढेप होते. पऱ्हाटी उपटून चुलीत जाते किंवा धुऱ्यावर पेटते. २५,००० कोटी बदल दरवर्षी निर्माण होतात आणि एकही पुढे जात नाही.

संख्या आहे, वंश नाही. जैवविविधतेच्या कुठल्याही प्रारूपात जन्म या शब्दाला अर्थ येतो तो जन्मलेल्यालाही पुढे संतती होते म्हणून. ते बंद केलं की ७४० कोटी आणि एक यांत उत्क्रांतीच्या दृष्टीनं फरक राहत नाही. देशात बीटी संकरांची हजाराहून जास्त नावं मंजूर झाली. नावं हजार, प्रजाती एक, आणि बोंडअळीविरुद्धची जनुकं मुख्यतः दोनच, तीही एकाच जिवाणूतून घेतलेली.

त्याच शेतात दुसरा एक जीव राहतो. त्याचा वंश तुटलेला नाही.

गुलाबी बोंडअळी शास्त्राला माहीत झाली ती भारतातूनच. भडोचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये तिचं वर्णन छापलं गेलं. मादी पतंग शंभराच्या वर अंडी घालते. महिन्याभरात पिढी पूर्ण होते. हंगामात चार-पाच पिढ्या, आणि हंगाम संपल्यावरही पीक उभं राखून फरदड ठेवली तर आणखी. अळी कळीत शिरली की फुलाच्या पाकळ्या उघडत नाहीत, अशा कळीला आपण डोमकळी म्हणतो. पुढे बोंडात शिरली की सरकी खाते आणि कापसाची कवडी होते.

समजा दर झाडामागे एक अळी. फक्त गृहीत म्हणून; वाईट वर्षी एका झाडावर बोंडाबोंडात अळी सापडते. म्हणजे जिल्ह्यात ७४० कोटी अळ्या. फुलपाखरांच्या एका जातीवर २०१५ मध्ये मोजलेला उत्परिवर्तनाचा दर आहे दर अक्षरामागे, दर पिढीला, शंभर कोटींत सुमारे तीन. प्रत्येक अळीत मजकुराच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. गुणाकार करा: अळीच्या जनुकीय मजकुरातलं प्रत्येक अक्षर, सुटं सुटं घेतलं तर, एका पिढीत, एका जिल्ह्यात, कुठल्या ना कुठल्या अळीत चाळीसहून अधिक वेळा बदललेलं असतं. एका अक्षराचं उत्परिवर्तन होऊन जी काही युक्ती सुचणं शक्य आहे, ती सगळी यवतमाळात महिन्याभरात सुचून जाते. निसर्गाला वाट पाहावी लागत नाही.

आणि युक्ती सुचलीही. बीटीचं विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून काम करतं. ते प्रथिनच मोडलं की विषाला पकड मिळत नाही. भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्यांचा २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा हे एकच जनुक आठ वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडलेलं सापडलं. एकाच कुलपाला आठ किल्ल्या, आणि त्या वेगवेगळ्या घडलेल्या.

आता साध्या प्रारूपात पुढचं बघू. समजा प्रतिकाराचं जनुक हजारात एक आहे आणि दोन्ही प्रती मिळाल्या तरच अळी वाचते. तर वाचणाऱ्या अळ्या दहा लाखांत एक, म्हणजे जिल्ह्यात ७,४००. शिवारभर फक्त बीटी असेल तर हेच ७,४०० पतंग एकमेकांशी जुळणार आणि त्यांची सगळी पिल्लं प्रतिकारक्षम निघणार. पिढीला दहापट वाढ धरली तर सहा पिढ्यांत पुन्हा ७४० कोटी, या वेळी सगळ्याच्या सगळ्या बीटी पचवणाऱ्या. आता फक्त पाच टक्के क्षेत्रावर बिगर-बीटी कापूस आहे असं धरा. तिथे ३७ कोटी साध्या अळ्या सुखरूप वाढतील. मग प्रत्येक प्रतिकारक्षम पतंगाभोवती ५०,००० साधे पतंग उडत असतील. त्याला जोडीदार साधाच मिळणार, पिल्लांत जनुकाची एकच प्रत जाणार आणि ती बीटीवर मरणार. ७,४०० आणि ३७ कोटी यांच्यातलं हे प्रमाण म्हणजेच आश्रय पीक या कल्पनेचा सगळा अर्थ. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं वेगळं पाकीट मिळायचं ते याचसाठी. ते बहुतेक ठिकाणी पेरलं गेलं नाही. शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही: पाकिटात काय आहे आणि ते का आहे हे सांगायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती पार पाडली नाही, आणि पाच-सात एकरांच्या कोरडवाहू धन्यानं अळीसाठी ओळी सोडाव्यात ही अपेक्षा समजावल्याशिवाय पुरी होणारी नव्हती.

संकरित बियाण्यानं आणखी घोळ केला. संकराच्या झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असलं की त्याच्या बोंडातल्या सरक्यांत ते वाटलं जातं: दोन जनुकं धरली तर १६ पैकी ९ सरक्यांत दोन्ही, एकीत एकही नाही, बाकीच्यांत एकेक. बोंडात तीसेक सरक्या, म्हणजे दोनेक पूर्ण बिनविषारी. सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात विषाचे सगळे टप्पे चाखायला मिळाले. प्रतिकार घडवायची याहून चांगली शाळा मुद्दाम काढूनही जमली नसती. पहिल्या जनुकाविरुद्धचा प्रतिकार २००८ मध्ये गुजरातेतल्या अमरेलीत दिसला. पुढे दुसऱ्यावरही तिनं मात केली आणि २०१७ च्या हंगामात ती महाराष्ट्रभर उसळली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पिकाची उत्क्रांती थांबवून किडीची चालू ठेवली की मधली दरी फवारणीच्या पंपानं भरावी लागते, आणि पंप माणसाच्या पाठीवर असतो.

अमेरिकेत हीच अळी होती. तिथे अ‍ॅरिझोनात आश्रय पीक पाळलं गेलं, नंतर विमानांतून १,१०० कोटी वांझ पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये देशातल्या कापसाच्या पट्ट्यातून ती नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. वर एका पतंगाला ५०,००० साधे जोडीदार देण्याचा जो हिशेब मांडला, त्याच हिशेबाचं हे विमानातून केलेलं रूप.

आपली बोंडअळी नवी प्रजाती झाली का? नाही. ती अजून जगातल्या बाकीच्या गुलाबी बोंडअळ्यांशी संकर करू शकेल. पण प्रजाती जिथून सुरू होते तो रस्ता हाच: संख्या प्रचंड, पिढी छोटी, दबाव एकाच दिशेचा. अशा सुरुवाती कधी तडीला जातात त्याचं थक्क करणारं उदाहरण आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी ते कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या ५०० च्या आसपास प्रजाती घडल्या. सरोवराचं क्षेत्रफळ ६८,८०० चौरस किलोमीटर, आपले पाच यवतमाळ जिल्हे.

जागेचा हा हिशेब प्रत्येक जिवाला वेगळा. याएल किसेल आणि टिमोथी बॅरक्लॉ यांनी २०१० मध्ये जगभरची बेटं तपासून विचारलं, एका बेटावर एका प्रजातीच्या दोन व्हायला बेट किती मोठं लागतं? गोगलगायींना एखाद-दोन चौरस किलोमीटरही पुरले. मांसाहारी सस्तन प्राण्यांना मादागास्कर लागलं, ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. कारण मांसाहारी प्राणी लांब चालतात आणि चालणारा प्राणी रक्ताची सरमिसळ करत जातो. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि विदर्भ-मराठवाड्यातून, तेलंगणातून, शेतं आणि रस्ते ओलांडत सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. जनुकशास्त्राचा एक जुना ठोकताळा आहे की पिढीमागे एक पाहुणा आला तरी दोन समूह नशिबाच्या फाशांनी फार दुरावत नाहीत. तो वाघ म्हणजे तो पाहुणा. वाटा बंद झाल्या तर टिपेश्वरात वाघाची नवी प्रजाती घडणार नाही. तेवढ्या जागेत तेवढे वाघच मावत नाहीत. आधी संपतील. गोगलगायीला जो एकांत प्रजाती देतो तोच वाघाला मरण देतो, आणि म्हणून वाघासाठी कॉरिडॉरचा आग्रह धरावाच लागतो.

साऱ्या पृथ्वीचा हिशेब केला तर आकडे उलट्या टोकाला जातात. २०११ च्या एका गाजलेल्या अंदाजात प्रजातींची संख्या ८७ लाख आली. पक्षी-सस्तन प्राण्यांत एका वंशशाखेतून दहा लाख वर्षांत सरासरी ०.१५ ते ०.२ नव्या शाखा फुटतात. हाच दर सगळ्यांना लावला तर संपूर्ण पृथ्वीवर वर्षाला सरासरी सव्वा ते पावणेदोन नव्या प्रजाती. फक्त तेवढ्याच. यवतमाळची काळी जमीन ज्या बेसॉल्टची झिजून झाली, तो लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिला. त्याच काळात, लघुग्रहाच्या आघाताच्या वेळी, पृथ्वीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रजाती संपल्या. ती जागा पुन्हा भरायला लाखो ते कोटभर वर्षं गेली. प्रजाती गमवायला एक हंगाम पुरतो आणि घडवायला इतका काळ लागतो, हे या मातीवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

देशी कापूस अजून संपलेला नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत हजारो वाणांची सरकी जपून ठेवलेली आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एकेए-७ सारखे देशी वाण दिले. पण थंड खोलीत ठेवलेली सरकी बदलत नाही, शिकत नाही. बोंडअळी मात्र दर महिन्याला शिकते. देशी वाण सरळ आहेत, त्यांची सरकी घरची ठेवता येते, पुढच्या वर्षी पेरता येते, आणि पेरली की ते झाड जन्म या शब्दाला पात्र होतं. यवतमाळच्या ७४० कोटींपैकी शंभरात एक झाड जरी अशा सरकीचं झालं, तरी ती ७ कोटी ४० लाख झाडं होतील, दर वर्षी आपले बदल पुढे नेणारी. ज्यांच्याकडे दोन ओळींपुरती जागा आहे त्यांनी ती त्यांना द्यावी. कृषी विभागानं आणि विद्यापीठानं ही सरकी तालुक्याच्या दुकानात पाकिटांच्या शेजारी मांडावी. आणि कोणीही, कुठल्याही वर्षी, फरदड ठेवू नये.